म्हाळू पाखरं पाळतो

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात शहाणी माणसं पुष्कळ होती. भोळा एकच होता. त्याचं नाव म्हाळू.

म्हाळू अंगाने धिप्पाड आणि कामाला वाघ. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. अडचण एवढीच, की तो सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करी. 'जरा दाराकडे बघ' म्हटलं की तो दाराकडे बघत बसे. चोर आला असता, तर म्हाळूने तो दारातून आत जाताना अगदी नीट बघितला असता.

घरात आई होती, राहीबाई. आणि धाकटी बहीण गोदी. गोदी लग्नाची झाली होती. ती दिवसभर बोलायची. विहिरीवर, गोठ्यात, चुलीपाशी, सगळीकडे तिचं गाणं चालू. तिला स्थळं येऊ लागली तशी राहीबाईला काळजी लागली.

"पोरगी सासरी गेली की घर मुकं होईल," ती म्हणाली. "मग माझ्याशी बोलायला कोण?"

"मी आहे की," म्हाळू म्हणाला.

राहीबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बाजारात जा आणि एक पोपट घेऊन ये."

म्हाळू बाजारात गेला. पाखरं विकणाऱ्याने त्याला एक हिरवागार पोपट दाखवला.

"राम राम पाव्हणं," पोपट म्हणाला.

म्हाळूने हात जोडले. "राम राम."

"हा साधा पोपट नाही," विकणारा म्हणाला. "माणसापेक्षा शहाणा आहे. एकदा सांगितलं की सगळं समजतं त्याला."

म्हाळूने पोपट घेतला. पण अजून मीठ घ्यायचं होतं, कोयत्याला धार लावायची होती, आणि गुडीशेव खायची होती. इतका वेळ पोपटाला कशाला ताटकळत ठेवायचं? म्हाळूने त्याला तोंडासमोर धरलं.

"हे बघ, सरळ ओढ्यापर्यंत जा. ओढा ओलांडला की डाव्या हाताला वळ. तुला हात नाहीत. डाव्या पंखाला वळ. चिंचेखालचं घर आमचं. आईला सांग, म्हाळू मीठ घेऊन येतोय. कळलं?"

"राम राम पाव्हणं."

"राम राम," म्हाळू म्हणाला आणि त्याने मूठ उघडली.

पोपट उडाला आणि उजवीकडे गेला. त्याला जवळची वाट माहीत असेल, असं म्हाळूला वाटलं.

तो घरी आला तेव्हा राहीबाई दारातच उभी होती. "पोपट कुठाय?"

"अजून पोचला नाही?" म्हाळूने विचारलं. "कमाल आहे. माझ्या आधी निघाला होता."

सगळा प्रकार ऐकून राहीबाईने कपाळाला हात लावला. "अरे म्हाळ्या, असं मोकळं सोडून द्यायचं नसतं! पिंजऱ्यात घालायचं, दाराला कडी लावायची, कडी पक्की बसली का बघायची, आणि मग सांभाळून घरी आणायचं."

"कळलं," म्हाळू म्हणाला. "आता नाही चुकणार."

राहीबाईने पोपटाचा नाद सोडला आणि एक कोंबडी पाळली. कोंबडी काही 'राम राम' म्हणत नव्हती, पण दिवसभर पायांत घोटाळायची, हातातले दाणे टिपायची, आणि काही ना काही कुरकुरत असायची. राहीबाईला तेवढं बोलणं पुरेसं होतं. त्याबदल्यात कोंबडीने तुळशीची माती उकरली, भाजीचा वाफा उकरला, आणि उंबऱ्यावर अशी काही घाण केली की राहीबाई रोज सकाळी आधी कोंबडीला शिव्या द्यायची आणि मग तिला दाणे घालायची. मग कोंबडी खुडूक झाली. खुराड्यात बसून राहिली, उठायलाच तयार नाही.

"उबवायला अंडी पाहिजेत," राहीबाई म्हणाली. "म्हाळू, वरच्या आळीला काशीमावशीकडे जा आणि अंडी घेऊन ये."

म्हाळू पिंजरा घेऊन गेला. त्यात अंडी घातली. दाराला कडी लावली. कडी पक्की बसली का बघितलं. पक्की होती. मग तो निघाला.

पिंजऱ्याच्या गजांमधून पहिलं अंडं पडलं तेव्हा म्हाळू थांबला. त्याने कडी तपासली. कडी जागेवर होती. तो पुढे चालू लागला. वाटेत आणखी अंडी पडली. प्रत्येक वेळी म्हाळू थांबे, कडी तपासे आणि पुढे जाई. गावातली कुत्री त्याच्या मागून येत होती. इतक्या प्रेमाने ती पूर्वी कधी त्याच्या मागे आली नव्हती.

घरी आल्यावर राहीबाईने रिकाम्या पिंजऱ्याकडे बघितलं.

"कडी एकदाही निघाली नाही," म्हाळू म्हणाला.

"अरे बाबा!" राहीबाई खालीच बसली. "अंडी मऊ गवतावर ठेवायची. कोंबडीच्या पोटाखाली हळूच सारायची. ऊब मिळाली पाहिजे. आणि नंतर अजिबात हलवायची नाहीत."

"हे आधी सांगायचं ना," म्हाळू म्हणाला. "आता नाही चुकणार."

तेवढ्यात शेजारच्या गावातल्या दौलतरावांचा निरोप आला. त्यांच्या मुलासाठी त्यांना गोदीचं घर बघायचं होतं. स्थळ चांगलं होतं. पाहुणे येणार, म्हणजे घरात तूप पाहिजे. राहीबाई सारवत होती, गोदी दळत होती. घरात मोकळा असा म्हाळूच होता.

"काशीमावशीकडून लोण्याचा गोळा आण," राहीबाई म्हणाली. "आणि नीट ठेव."

म्हाळूने लोणी आणलं आणि नीट ठेवलं. राहीबाईने कढई तापवली आणि हाक मारली, "लोणी दे रे."

"आताच?" म्हाळू म्हणाला. "हलवायचं नाही ना?"

राहीबाई पळतच परसात गेली. खुराड्यात कोंबडी डोळे मिटून बसली होती. मऊ गवत होतं. ऊब भरपूर होती. लोणी नव्हतं. राहीबाईने कोंबडीला उचललं, तर ती हातातून सटकली. गोदीने धरलं, तिच्याही हातातून सटकली. पुढे कित्येक दिवस ती कोंबडी कोणाच्या हाती लागली नाही. एकदा मांजराने तिला पकडलं, तर मांजराच्याही तोंडातून ती निसटली. त्यामुळे नुकसानच झालं असंही म्हणता येत नाही.

"लोणी गार पाण्यात ठेवायचं असतं!" राहीबाई ओरडली. "भांड्यात गार पाणी घ्यायचं, त्यात सोडायचं, वर झाकण ठेवायचं!"

"गार पाणी. झाकण," म्हाळू म्हणाला. त्याने ते मनात पक्कं केलं.

काशीमावशी मनाने मोठी. अंडी गेली, लोणी गेलं, तरी तिने राहीबाईला आपला कोंबडा देऊ केला. तुऱ्याचा, रुबाबदार कोंबडा. त्याच्या आरवण्यावर आख्खी वरची आळी उठायची. "तुझ्याकडे चार दिवस राहू दे," मावशी म्हणाली. "कोंबडीचं मन रमेल."

कोंबडा आणायला म्हाळूच गेला. थोड्या वेळाने गोदी पाणी घ्यायला माजघरात गेली आणि तशीच परत आली.

"दादा, रांजण खोकतोय."

"त्यात कोंबडा आहे," म्हाळू म्हणाला.

कोंबडा वाचला. गोदीने त्याला पुसलं, चुलीपाशी बसवलं, गळ्याला फडकं गुंडाळलं. पण त्याचा आवाज गेला तो गेलाच. पहाटे तो मान उंच करायचा, पंख फडफडवायचा, आणि म्हाताऱ्या माणसाने दार ढकलावं तसा आवाज काढायचा. वरची आळी झोपून राहिली. देवळात काकडआरती आणि दुपारचा नैवेद्य एकदमच होऊ लागले. गुरं गोठ्यात हंबरत राहिली. काशीमावशीने तेव्हापासून राहीबाईशी बोलणं टाकलं.

"पाखराला पाण्यात घालतात होय?" राहीबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पाखराला मानाची जागा लागते, म्हाळ्या. घरात सगळ्यात उंच जागा असेल तिथे बसवायचं. ऊन लागलं पाहिजे. वारा लागला पाहिजे. लांबून सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"उंच जागा," म्हाळू म्हणाला. "झालं तर मग."

मग ठरल्या दिवशी दौलतराव आले. भारदस्त माणूस. डोक्याला पागोटं, हातात काठी. राहीबाई आत पुरणात अडकली होती. तिने आतूनच सांगितलं, "म्हाळू, पाहुणे आले वाटतं. मानाने बसव त्यांना."

म्हाळूने शिडी आणली.

"हे काय?" दौलतराव म्हणाले.

"मानाची जागा वर आहे."

दौलतरावांनी बाहेरची गावं फारशी बघितली नव्हती. इथली रीत असेल, असं त्यांना वाटलं. ते शिडी चढले. म्हाळूने मागून आधार दिला, आणि कौलांच्या आढ्यावर त्यांना घोड्यावर बसवावं तसं दोन्हीकडे पाय सोडून बसवलं. मग त्याने शिडी नेऊन जागच्या जागी ठेवली. घरात पसारा केलेला आईला आवडत नसे.

"ऊन लागतंय ना?" त्याने खालून विचारलं.

"लागतंय."

"वारा?"

"वाराही लागतोय," दौलतराव आढं घट्ट धरून म्हणाले.

"मग बसा निवांत."

गावातली माणसं वाटेत थांबून बघू लागली. लांबून दौलतराव सगळ्यांना दिसत होते.

पण दौलतरावांनाही वरून पुष्कळ दिसत होतं. परसात गोदी होती. तिने सुटलेलं वासरू बोलून बोलूनच माघारी आणलं. तुपकट कोंबडीला दाणे दाखवत खुराड्यात घातलं. खोकणाऱ्या कोंबड्याला मांडीवर घेऊन कोमट पाणी पाजलं. आणि हे सगळं करताना तिचं गाणं थांबलं नाही. दौलतराव आढ्यावर बसून ऐकत राहिले.

राहीबाई पदराला हात पुसत ओसरीवर आली. "अगंबाई, पाहुणे कुठे गेले?"

"इथं आहे," वरून आवाज आला.

पाहुणे खाली उतरेपर्यंत राहीबाईने तोंडावरचा पदर काढला नाही. दौलतरावांनी धोतर झाडलं, पागोटं सरळ केलं. "पोरगी पसंत आहे," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला पोराला आणतो. मात्र त्याला खालीच बसवा."

ते गेल्यावर राहीबाईने म्हाळूला समोर उभा केला. "नवं कोणी घरी आलं, तर ओसरीवर घोंगडं अंथरायचं. तांब्याभर पाणी ठेवायचं. गूळ द्यायचा. आणि म्हणायचं, 'घर आपलंच समजा.' कळलं?"

"कळलं. नवं कोणी आलं तर."

पुढे घरी नवीन आली ती कबुतरं. राहीबाईच्या माहेरी कबुतरांची मोठी ढाबळ होती. तिने भावाकडून एक जोडी मागवली. कबुतरं ठेवायला म्हाळूने परसात ढाबळ बांधली. फळ्या, गज, दार, कडी, सगळं झकास. 'ऐसपैस कर' असं आईने सांगितलं होतं, म्हणून त्याने ती अशी केली की आत माणूसही मांडी घालून बसेल.

कबुतरं आली त्या दिवशी राहीबाई आणि गोदी ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या. म्हाळूने ओसरीवर घोंगडं अंथरलं. कबुतरांना त्यावर बसवलं. तांब्याभर पाणी ठेवलं. गूळ ठेवला. गुळाला त्यांनी तोंड लावलं नाही, म्हणून आग्रह केला. मग हात जोडून म्हणाला, "घर आपलंच समजा."

कबुतरांनी तसं समजायला सुरुवात केली. ती ओसरीवरून माजघरात गेली, माजघरातून देवघरात. त्यांचं घुमणं ऐकून देवळाच्या शिखरावरची कबुतरंही आली. म्हाळूने त्यांनाही पाणी ठेवलं. तीही नवीनच होती.

राहीबाई परत आली तेव्हा तिला स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळईवर कबुतरं, उतरंडीवर कबुतरं, परातीतल्या पिठात कबुतरं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पांढरा झाला होता. आमटीत पीस तरंगत होतं. राहीबाईने केरसुणी उचलली. मोठा फडफडाट झाला, आणि सगळी कबुतरं दारातून बाहेर पडून आभाळात गेली. भावाने पाठवलेली जोडीही त्यांच्यातच गेली.

राहीबाईने केरसुणी टाकली. घर एकदम शांत झालं. तिला कबुतरांचा राग आला होता, पण रिकाम्या तुळईकडे बघून डोळ्यांत पाणीही आलं.

"आई, मी घोंगडं अंथरलं होतं," म्हाळू हळूच म्हणाला.

"अंथरलं होतंस रे," ती म्हणाली. तिने त्याला जवळ बसवलं आणि या वेळी सगळं अगदी सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. "नवं पाखरू मोकळं सोडायचं नसतं. त्याचे पंख मागे दोऱ्याने बांधायचे. ढाबळीत घालून कडी लावायची. जोंधळे द्यायचे, पाणी द्यायचं. घराची सवय झाली की मगच दोरा काढायचा. आणि मग त्याची परीक्षा घ्यायची. लांब डोंगरावर नेऊन हवेत सोडायचं. ते फिरून आपल्याच घरी आलं, तर समजायचं, आपलं झालं."

म्हाळूने सगळं ऐकलं. पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. एक शब्दही चुकला नाही.

मग दौलतराव मुलाला घेऊन आले. मुलाचं नाव शिरपती. लाजाळू, सरळ, बघताक्षणी आवडावा असा. सासुरवाडीत कशाला नाही म्हणायचं नसतं, असं त्याला घरून बजावून पाठवलं होतं. गोदीने पोहे आणले. शिरपतीने एकदा वर बघितलं आणि त्यानंतर त्याला पोह्यांत मीठ नाही हे कळलंच नाही.

राहीबाईने म्हाळूला बाजूला घेतलं. "पोरगा सोन्यासारखा आहे. हे स्थळ हातचं जाता कामा नये."

"नवीन आहे," म्हाळू म्हणाला.

"नवीनच आहे. म्हणून तर म्हणते, नीट सांभाळ."

शिरपती हात धुवायला परसात गेला. म्हाळू तांब्या घेऊन मागोमाग गेला. त्याने हातावर पाणी घातलं, पुसायला पंचा दिला.

"पाव्हणं, आता हात जरा मागे करा."

शिरपतीने हात मागे केले.

बराच वेळ झाला तरी मुलगा येईना, म्हणून दौलतरावांनी पुढच्या अंगणात शोधलं, गोठ्यात शोधलं, आणि उगाच एकदा आढ्यावरही नजर टाकली. परसात गेली ती गोदी. ढाबळीच्या गजांआड शिरपती मांडी घालून बसला होता. पुढ्यात वाटीभर जोंधळे आणि पाणी.

"तुम्ही इथं काय करताय?" गोदीने विचारलं.

"तुमच्या दादांनी बसवलंय."

"का?"

"सवय होईपर्यंत, म्हणाले."

"कसली?"

"घराची."

गोदीने ओठ घट्ट मिटले. हसू तरीही डोळ्यांतून बाहेर आलं. "जोंधळे खाल्ले?"

"कच्चे आहेत," शिरपती म्हणाला. मग त्यालाही हसू फुटलं.

गोदीने भाकरी आणली. त्याचे हात बांधलेले, म्हणून गजांतून एकेक घास दिला. कडी काढायची तिला काही घाई नव्हती, आणि त्यानेही घाई केली नाही. दौलतराव आणि राहीबाई शोधत तिथे पोचले, तेव्हा शिरपती आतूनच म्हणाला, "बाबा, मला पोरगी पसंत आहे. आता सोडा."

एकच आनंद झाला. साखर वाटली गेली. त्या गडबडीत राहीबाई म्हाळूला रागवायची राहून गेली. आजवर असं कधी झालं नव्हतं. म्हाळूला वाटलं, या वेळी जमलं. आता फक्त शेवटचं तेवढं राहिलं.

लग्नाचा दिवस उजाडला. दारी मांडव पडला. दुपारचा मुहूर्त होता. गोदी पिवळ्या साडीत आत बसली होती, आणि म्हाळू तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघून जात होता. आपली एकुलती एक बहीण ज्याच्या हाती द्यायची, तो आपला झाला की नाही हे नको बघायला?

"म्हाळू," राहीबाईने हाक मारली, "नवरदेवाला गाडीतून मारुतीच्या पाया पडायला ने."

म्हाळूने बैल जुंपले. मुंडावळ्या बांधलेला शिरपती गाडीत बसला. मारुतीचं देऊळ आलं. शिरपती पाया पडून आला. गाडी निघाली ती भलत्याच रस्त्याने.

"घर मागे राहिलं," शिरपती म्हणाला.

"हो."

"मग आपण कुठे चाललोय?"

"लांब."

"किती लांब?"

"तेच बघायचंय," म्हाळू म्हणाला.

दूरच्या एका डोंगराच्या माथ्यावर गाडी थांबली. म्हाळूने शिरपतीच्या उपरण्याची गाठ सोडली, अंगाला कुठे दोरा राहिला नाही ना ते बघितलं. मग त्याला कमरेला धरून उचललं, झोका दिला आणि हवेत सोडलं. शिरपती बाभळीत पडला. म्हाळूने लगेच गाडी वळवली. पाखरू आधी पोचेल, म्हणून त्याने बैल जोरात हाकले.

शिरपती काटे काढत उभा राहिला. डोंगराच्या एका बाजूला, अगदी पायाशी, त्याचं स्वतःचं गाव दिसत होतं. दुसऱ्या बाजूला, लांबवर, गोदीच्या घरचा मांडव. त्याने धोतर खोचलं आणि मांडवाच्या दिशेने पळत सुटला.

मांडवात म्हाळू एकटाच आला.

"नवरदेव कुठाय?" राहीबाईने विचारलं.

"सोडला."

"कुठे?"

"डोंगरावर. येईल. सवय झालीय त्याला."

दौलतराव मटकन खाली बसले. वाजंत्री थांबली. भटजी सावली बघू लागले. आतून गोदी धावत बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"दादा, हात मोकळे आहेत ना त्यांचे?"

"मोकळे आहेत. मी तपासलं."

"मग येतील ते," गोदी म्हणाली आणि खांबाला धरून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

सगळं वऱ्हाड रस्त्याकडे बघत उभं राहिलं. सावली सरकत होती. भटजींनी मुहूर्त टळतोय असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडे धूळ दिसली. शिरपती पळत आला. एक मुंडावळी कानावर लोंबत होती, उपरण्याच्या चिंध्या झाल्या होत्या, पायात एकच जोडा होता. दम खात तो सरळ अंतरपाटाशी जाऊन उभा राहिला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. गोदी हसता हसता रडली.

मग राहीबाईला आठवण झाली. बहिणीच्या मागे उभं राहायला भाऊ कुठाय? ती शोधत परसात गेली. ढाबळीचं दार सताड उघडं होतं. शेजारी म्हाळू एका हातात जोंधळ्यांची वाटी घेऊन, दुसरा हात कपाळावर धरून, टक लावून आभाळाकडे बघत उभा होता.

"अरे म्हाळ्या, चल लवकर!" राहीबाई म्हणाली. "लग्न लागलं!"

म्हाळूने मान खाली केली नाही.

"इतकी कसली घाई केली, आई?" तो म्हणाला. "नवरदेव तर येऊ द्यायचा."